बर्फ न पडणाऱ्या नालवाडीत खडक का फुटतो?

काचेची बाटली पाण्याने काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून फ्रीजरमध्ये ठेवली की सकाळपर्यंत तिला तडा जातो. शाळेच्या भूगोलात हेच उदाहरण डोंगरावर नेले जाते. खडकाच्या भेगेत पाणी शिरते, रात्री ते गोठते, गोठताना फुगते आणि खडक फुटतो. हे स्पष्टीकरण ऐकायला सोपे आहे आणि ते बहुतेकांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. पण वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत उभे राहून ते तपासले, तर लगेच अडचण येते. इथला हिवाळा बोचरा असला तरी पाणी गोठवणारा नाही. जवळच्या नागपूरला 29 डिसेंबर 2018 रोजी किमान तापमान 3.5 अंश सेल्सिअस नोंदले गेले आणि तो तिथल्या थंडीचा विक्रम ठरला. म्हणजे विक्रमी थंडीतही पारा शून्याच्या वरच राहिला. तरीही नालवाडीत विहीर खणा किंवा घराचा पाया खोदा, वर काळी माती लागते, तिच्याखाली पिवळट-तपकिरी मुरूम, मुरमात रुतलेले गोल धोंडे आणि सगळ्यांत खाली काळा कातळ. वरचे हे सगळे एकेकाळी तोच कातळ होते. बर्फाचा एक कणही न लागता कातळाचा असा भुगा झाला असेल, तर बाटलीच्या उदाहरणात काहीतरी राहून गेले आहे.

राहून गेलेली गोष्ट मोठी आहे. बर्फाने खडक फुटतो तेव्हाही तो बहुतेक वेळा बाटलीसारखा फुटत नाही. फोडण्याचे काम डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा एक अतिशय पातळ थर करतो. तसाच पातळ थर नालवाडीच्या खडकात उन्हाळा आणि पावसाळा यांच्या आधाराने काम करतो. लडाखचा फुटलेला कडा आणि वर्ध्याचा मुरूम या गोष्टी त्यामुळे वाटतात तितक्या दूरच्या नाहीत. हे पटवून घ्यायचे तर आधी थंडीत दगडाचे नेमके काय होते ते पाहावे लागेल.

थंडीत दगड फुगत नाही, आकसतो

कोरडा दगड थंड केला की बहुतेक पदार्थांप्रमाणे लहान होतो. नालवाडीच्या काळ्या कातळाला भूशास्त्रात बेसाल्ट म्हणतात. एक मीटर लांबीचा बेसाल्ट तापमान एक अंशाने उतरले की साधारण सहा मायक्रोमीटरने आकसतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नागपूरच्या उन्हाळ्याचा विक्रम 47.9 अंशांचा आहे. त्या टोकापासून हिवाळ्याच्या विक्रमापर्यंतचा पूर्ण फरक धरला, तरी मीटरभर दगडाची लांबी जेमतेम पाव मिलिमीटरने बदलते. ग्रॅनाइट थोडा जास्त हलतो, कारण त्यात क्वार्ट्झ भरपूर असते आणि क्वार्ट्झ हे खनिज तापमानाला जास्त दाद देते.

आकसण्याचा सर्वांत ठळक पुरावा दख्खनच्या कातळातच आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. बेसाल्टचा लाव्हा बाहेर पडताना हजार अंशांहून जास्त तापलेला असतो. तो घट्ट होऊन निवत गेला तसा आकसला, आणि आकसणाऱ्या प्रचंड थराला कडेने सरकायला वाव नसल्यामुळे त्यात उभ्या-आडव्या भेगा पडल्या. काही ठिकाणी त्या इतक्या नियमित पडल्या की खडकाचे बहुकोनी खांब तयार झाले. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पारडीला असे खांब सापडले आहेत. नालवाडीच्या कातळातल्या भेगा इतक्या देखण्या नसल्या तरी त्यांचा उगम तोच आहे. पुढच्या सगळ्या घडामोडीत या भेगांना महत्त्व आहे, कारण पाणी आत शिरते ते त्यांतूनच.

इथे एक आक्षेप येऊ शकतो, की सगळीच खनिजे थंडीत आकसतात असे नाही. ते खरे आहे. संगमरवर ज्या कॅल्साइट या खनिजाचा बनलेला असतो, त्याचा स्फटिक थंड होताना एका दिशेने बराच आकसतो आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशांनी किंचित वाढतो. संगमरवरात असे असंख्य कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. प्रत्येक फेऱ्यात ते एकमेकांना ओढतात, ढकलतात आणि कणांमधली पकड सैल होते. पातळ संगमरवरी फरशा काही वर्षांत वाकतात, त्यामागे हे एक कारण असते. पण इथेही दगडाचे एकूण आकारमान थंडीने कमीच होते. गोठणाऱ्या थंडीत दगड वाढतो असे जेव्हा मोजमापात दिसते, तेव्हा वाढणारी वस्तू दगड नसते. दगडाच्या पोटातले पाणी त्याला ताणत असते.

बाटलीचा हिशेब आणि त्यातली फट

पाण्याचे बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. या आकड्यावरून हिशेब मांडता येतो. घट्ट बेसाल्टमध्ये एक टक्का पोकळी आहे, ती पूर्ण पाण्याने भरली आहे आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नाही असे धरा. पाणी गोठल्यावर दगडाला आपले आकारमान 0.09 टक्क्यांनी वाढवावे लागेल. मीटरभर लांबीत ही वाढ 0.3 मिलिमीटर भरते. दगड दाब सोसण्यात पटाईत असतो, पण ताण त्याला सोसत नाही. मीटरमागे 0.1 ते 0.2 मिलिमीटर ताणले की बहुतेक खडक तडकतात. म्हणजे एक टक्का पोकळीसुद्धा खडक फोडायला पुरेशी आहे. खडूसारख्या मऊ चुनखडकात पोकळी 40 टक्क्यांपर्यंत असू शकते. त्याची तर याच हिशेबाने धूळ व्हायला हवी.

मग प्रत्येक ओला दगड पहिल्याच हिमरात्री का फुटत नाही? कारण या हिशेबातल्या अटी निसर्गात क्वचित पूर्ण होतात. पोकळीचा 91 टक्क्यांहून जास्त भाग पाण्याने भरलेला असला तरच वाढलेल्या बर्फाला जागा कमी पडते. त्याहून कमी भरलेली असेल तर बर्फ रिकाम्या जागेत पसरतो आणि दगडाला काही होत नाही. शिवाय खडक बाटलीसारखा बंद नसतो. भेगेत वरून बर्फ धरू लागला की उरलेले पाणी खालच्या किंवा बाजूच्या वाटेने निसटते. पुस्तकांत गोठणाऱ्या पाण्याच्या दाबाचा जो प्रचंड आकडा असतो, उणे 22 अंशांना सुमारे 2,000 वातावरणदाब, तो पूर्णपणे बंद पात्रातला आहे. उघड्या भेगेत तसा दाब साठायला आधारच नसतो.

बाटलीच्या कल्पनेला सर्वांत मोठा धक्का 1929 आणि 1930 साली स्टीफन टेबर या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने दिला. थंड देशांत हिवाळ्यात जमीन वर उचलली जाते, रस्ते फुगतात. लोक ते पाण्याच्या 9 टक्के वाढीच्या नावे टाकत. टेबरने मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरले. बेंझीन गोठताना आकसते, फुगत नाही. तरीही माती वर उचलली गेली. जो द्रव गोठताना लहान होतो, तो माती वर ढकलत असेल तर उचलण्याचे कारण 9 टक्क्यांत शोधून चालणार नाही. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत सुंदर प्रयोग आहे, कारण एका साध्या बदलाने त्याने चुकीचे कारण बाजूला काढले. शालेय पुस्तकांत तो अजून फारसा पोहोचलेला नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

बर्फ पाणी ओढून घेतो

मग माती आणि खडक कशाने उचलले जातात? बर्फ आणि खडकाचा पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण चिकटत नाहीत. तापमान शून्याखाली काही अंश गेले तरी त्या दोघांच्या मध्ये पाण्याचा काही नॅनोमीटर जाडीचा थर द्रवरूपच राहतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. बर्फाच्या पृष्ठभागावर असा द्रव थर असतो, हे मायकेल फॅरडेने 1850 मध्येच मांडले होते. हा थर टिकतो, कारण खडकाच्या अगदी लगतचे रेणू बर्फापेक्षा पाण्याला जवळ करतात. बर्फ वाढून थर पातळ करू पाहतो, तेव्हा थर आपली जाडी राखण्यासाठी आजूबाजूचे न गोठलेले पाणी आत ओढतो. दिव्याची वात जळत्या टोकाकडे तेल ओढून घेत राहते, तसे हे चालते. टोकाशी तेल खर्च होते म्हणून मागचे तेल वर चढते. इथे थरातले पाणी बर्फाला जाऊन मिळते म्हणून मागचे पाणी पुढे येते. खालच्या ओल्या खडकातून पाणी येत राहते, भेगेतली बर्फाची चकती जाड होत जाते आणि भेगेच्या दोन्ही भिंतींना दूर रेटते.

या रेट्याचे मोजमाप करता येते. बर्फ शून्याखाली जितका अंश थंड, तितका दर अंशामागे सुमारे 11 वातावरणदाबांइतका रेटा देण्याची त्याची कमाल क्षमता असते. उणे 5 अंशांना ती 55 वातावरणदाबांच्या आसपास जाते. आधीच भेग असलेला खडक उसवायला एवढे पुरते. पण तापमान फार खाली गेले तर द्रव थर इतका अरुंद होतो की त्यातून पाणी सरकेनासे होते. पाण्याचा पुरवठा थांबला की चकतीची वाढही थांबते. म्हणूनच जोसेफ वॉल्डर आणि बर्नार्ड हॅलेट यांनी 1985 मध्ये मांडलेल्या गणितात खडक फुटण्याला सर्वांत पोषक पट्टा उणे 4 ते उणे 15 अंशांचा निघाला. अतिकडक थंडीपेक्षा मध्यम थंडी जास्त खडक फोडते, आणि शून्याला वारंवार ओलांडण्यापेक्षा पाणी मिळत असताना या पट्ट्यात दीर्घकाळ राहणे जास्त घातक ठरते. बाटलीच्या कल्पनेतून हे दोन्ही निष्कर्ष कधीच निघाले नसते. 2006 मध्ये जूलियन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओल्या, मऊ चुनखडकाचे ठोकळे प्रयोगशाळेत दीर्घकाळ गोठवून दाखवले, तेव्हा आत भेगा पडल्या आणि त्या भेगांत बर्फाच्या चकत्या सापडल्या.

चौकट: गोठणाऱ्या थंडीत कोणता खडक कसा वागतो

खडूसारखा चुनखडक सर्वांत दुबळा. त्याची छिद्रे बारीक, एकमेकांना जोडलेली आणि पाण्याने चटकन भरणारी असतात. वाळूच्या खडकात पोकळी बरीच असली तरी छिद्रे मोठी असल्याने पाणी निचरून जाते, त्यामुळे काही वाळूखडक खूप टिकतात आणि मातीमिश्रित वाळूखडक लवकर झडतात. ग्रॅनाइटची पोकळी जेमतेम एक टक्का, पण ती केसासारख्या भेगांच्या रूपात असल्याने त्याच्या कडांवरून कपचे सुटतात. घट्ट बेसाल्ट आतून क्वचितच फुटतो, सांध्यांवर मात्र ठोकळे होऊन निखळतो. फुगे असलेल्या बेसाल्टमध्ये पोकळी भरपूर असते. ते फुगे एकमेकांना जोडलेले नसतील तर पाण्याने भरत नाहीत आणि वाढत्या बर्फाला मोकळी जागा देतात. थंड देशांत काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे बारीक बुडबुडे सोडतात, ते याच हेतूने. छिद्र जितके बारीक तितके त्यातले पाणी उशिरा गोठते. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकी त्रिज्या असलेल्या छिद्रात ते उणे 5 अंशांच्या आसपास बर्फ होते.

नालवाडीचा कातळ कधी गोठला होता का?

हा मुरूम एखाद्या जुन्या हिमयुगात तयार झाला असेल, असे कोणी म्हणू शकेल. शंका रास्त आहे, कारण याच खोऱ्यात खरोखर बर्फ होता. वर्धा नदी खाली चंद्रपूर जिल्ह्यात जाते, तिथे पैनगंगेच्या परिसरात इरईजवळ चुनखडकाची जुनी जमीन ओरखडे पडलेल्या, घासून गुळगुळीत झालेल्या स्वरूपात आढळते आणि तिच्यावर लहानमोठ्या धोंड्यांचा गाळ पसरलेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फ्रान्सिस फेडेन यांनी 1870 च्या दशकात हे ओरखडे ओळखले. ते सरकत्या बर्फात रुतलेल्या दगडांनी काढलेले आहेत. विदर्भाच्या उन्हात बर्फाच्या खुणा सापडतात हे त्या काळी अनेकांना अविश्वसनीय वाटले असणार. पण तो बर्फ सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा ही भूमी दक्षिण ध्रुवाकडच्या एका विशाल खंडाचा भाग होती. नालवाडीचा लाव्हा त्यानंतर वीस कोटींहून जास्त वर्षांनी वाहिला. अलीकडचे मोठे हिमयुग सुमारे 20,000 वर्षांपूर्वी ऐन भरात होते, पण उष्ण कटिबंधातल्या सखल प्रदेशात तेव्हा तापमान आजच्यापेक्षा काही अंशांनीच कमी होते. वर्ध्याच्या पठारी जमिनीत महिनोन्महिने गोठलेला खडक धरायला तेवढे पुरत नाही. आजच्या महाराष्ट्रात महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी किंवा निफाडच्या द्राक्षबागांत एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात. तो बर्फ गवताच्या पात्यावर आणि जमिनीच्या वरच्या पापुद्र्यावर राहतो. कातळात वीतभरही उतरत नाही.

मग ऊन खडक फोडते का?

बर्फ नसेल तर विदर्भाचे ऊन, हे उत्तर सर्वांच्या तोंडावर येते. काळा दगड मे महिन्यात हात लावू देत नाही, रात्री निवतो, वर्षानुवर्षे हेच चालते, मग तो तडकणारच. याही समजुतीची परीक्षा झालेली आहे. डेव्हिड ग्रिग्ज यांनी 1936 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ग्रॅनाइटचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा सुमारे 110 अंशांच्या फरकाने 89,400 वेळा तापवून थंड केला. रोजचा एक फेरा धरला तर ही 244 वर्षे झाली. कोरड्या हवेत थंड केलेल्या तुकड्यावर सूक्ष्मदर्शकातूनही बदल दिसला नाही. मग त्यांनी थंड करताना पाण्याचा फवारा वापरला, आणि अवघ्या अडीच वर्षांइतक्या फेऱ्यांत पृष्ठभाग झिजू लागला, भेगा दिसू लागल्या.

या प्रयोगावर पुढे टीका झाली आणि ती योग्य होती. लहान मोकळा तुकडा सगळ्या बाजूंनी सैल असतो, डोंगरातला खडक शेजाऱ्यांमध्ये जखडलेला असतो, त्यामुळे त्याच्यात ताण जास्त साठतो. ब्रायन कॉलिन्स आणि ग्रेग स्टॉक यांनी 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या कड्यावर सुटलेल्या ग्रॅनाइटच्या एका पातळ पापुद्र्याची मोजणी प्रसिद्ध केली. तो दिवसा तापून कड्यापासून सुमारे एक सेंटिमीटर दूर सरकायचा आणि रात्री परत यायचा. म्हणजे ऊन निरुपद्रवी आहे असे म्हणता येणार नाही. उघड्या कड्यावर, आधीच सुटलेल्या पापुद्र्यावर त्याचा परिणाम मोठा असतो. पण नालवाडीचा प्रश्न उघड्या कड्याचा नाही. इथला मुरूम जमिनीखाली काही मीटर खोलीवर तयार झाला आहे. तिथे दिवस-रात्रीचा फरक पोहोचतच नाही, कारण माती आणि खडक उष्णता फार सावकाश वाहतात. तिथे पोहोचते ते पाणी.

बर्फाचे काम करणारी माती

वर्ध्यात वर्षाला साधारण 1,000 ते 1,100 मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. हे पाणी निवताना पडलेल्या त्या जुन्या भेगांतून उतरते. बेसाल्टमध्ये लोह आणि मॅग्नेशियम असलेली खनिजे आणि लाव्हा चटकन निवल्यामुळे राहिलेली काच असते. पाण्याशी त्यांची रासायनिक क्रिया सहज होते आणि उष्ण जमिनीत ती जास्त वेगाने होते. तिच्यातून एक वेगळीच माती जन्मते. तिचे नाव स्मेक्टाइट. तिचे कण अतिशय पातळ पत्र्यांचे असतात, प्रत्येक पत्रा साधारण एक नॅनोमीटर जाडीचा. पत्र्यांवर ऋण विद्युतभार असतो, तो सांभाळायला मध्ये कॅल्शियम किंवा सोडियमचे भारित कण बसलेले असतात आणि हे कण पाण्याला ओढून घेतात. पाण्याचा एक थर आत शिरला की पत्रे दूर सरकतात, दुसरा शिरला की आणखी. दोन थर शिरेपर्यंत एका पत्र्याने व्यापलेली जागा एक नॅनोमीटरवरून दीड नॅनोमीटरवर गेलेली असते. पाणी गोठून 9 टक्के वाढते; ही माती भिजून 50 टक्के वाढते, आणि जागा मिळाली तर त्याहूनही पुढे जाते. पहिले थर शिरताना फुगण्याचा दाब शेकडो वातावरणदाबांपर्यंत जाऊ शकतो.

आता बर्फाची गोष्ट आणि मातीची गोष्ट शेजारी ठेवून पाहू. दोन्हीकडे दोन पृष्ठभागांच्या मध्ये काही रेणू जाडीचा पाण्याचा थर आहे. दोन्हीकडे तो थर जाड होण्यासाठी बाहेरून पाणी ओढतो आणि आपल्या भिंतींना दूर ढकलतो. फरक आहे तो ही ओढ कशाने निर्माण होते यात. लडाखमध्ये ती गारठ्याने निर्माण होते, नालवाडीत कोरडेपणाने. मार्च ते मे या काळात माती आपले पाणी गमावते, पत्रे जवळ येतात, आणि पहिल्या पावसाला ते पाण्यासाठी जणू वखवखलेले असतात. काळ्या शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत त्या मिटतात, हे वर्ध्याचा प्रत्येक शेतकरी पाहतो. तीच उघडझाप खाली, अर्धवट कुजलेल्या खडकाच्या केसाएवढ्या भेगांत लहान प्रमाणावर चालते. तिथे माती मोकळ्या शेतात नसून दगडाच्या दोन भिंतींत कोंडलेली असते, म्हणून तिची वाढ थेट दगडावर रेटा होते.

याला एक गंभीर आक्षेप घेता येतो. हिमप्रदेशात गोठण्याचे फेरे एका हिवाळ्यात अनेक होतात, इथे मोठा ओला-सुका फेरा वर्षातून एकच. मग दोघांची तुलना कशी? पण बर्फ वितळला की त्याचा मागमूस उरत नाही, पुढच्या वेळी त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. स्मेक्टाइट एकदा तयार झाले की तिथेच राहते. दर पावसाळ्यात थोडे नवे खनिज कुजून थोडी नवी माती होते, नव्या मातीमुळे भेग थोडी रुंदावते, रुंद भेगेतून पुढच्या वर्षी जास्त पाणी उतरते. ही क्रिया स्वतःलाच बळ देत जाते. रासायनिक कुजणे आणि फुगण्याचा रेटा यांना पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत टाकतात, पण इथे एकाशिवाय दुसरे पुढे सरकत नाही.

विहिरीच्या कापात याचा आलेख स्पष्ट वाचता येतो. भेगांनी कातळाचे ठोकळे पाडलेले असतात. पाणी सपाट बाजूवर एका दिशेने, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी हल्ला करते. म्हणून कोपरे आधी जातात, ठोकळा गोल होत जातो आणि त्याच्याभोवती एकावर एक पापुद्रे सुटत राहतात. मुरमातले गोल धोंडे नदीने वाहून आणलेले नाहीत. ते जिथे होते तिथेच गोल झाले आहेत. हातोड्याने ठोकले तर आतून ताजा काळा दगड निघतो. ज्या थरात लाव्हाच्या फुग्यांत पांढरी खनिजे भरलेली असतात, त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. तो सुरुंग न लावता पहारीनेही सुटतो, कारण त्याच्या फुग्यांच्या कडांवर माती लवकर धरते. फुग्यांतली झिओलाइटसारखी कठीण खनिजे मात्र तगून राहतात. याच वर्धा जिल्ह्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांच्या दर्ग्याभोवती असे गोल खडे पसरलेले आहेत. व्यापाऱ्यांच्या मालाचे फकिराच्या शापाने दगड झाले, ही तिथली कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लाव्हा कुजून माती होऊन गेला आणि त्याच्या फुग्यांतली भरण मागे राहिली, असा त्या खड्यांचा भूशास्त्रीय उगम आहे.

घराचा पाया आणि गिट्टीची कसोटी

1930 च्या दशकात विनोबा भावे इथे काही वर्षे राहिले आणि 1938 मध्ये पवनारला गेले, तेव्हाची नालवाडी हे छोटे खेडे होते. आज ती शहराशी जोडली गेली आहे आणि काळ्या मातीवर पक्की घरे उभी राहत आहेत. पातळ पाण्याच्या थराचा हिशेब इथे थेट भिंतीवर दिसतो. माती फुगते तेव्हा घराच्या कडा उचलल्या जातात, सुकते तेव्हा खाली बसतात, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. ऋतूंनुसार होणारी ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीच्या खाली नगण्य होते. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने 1950 च्या दशकात काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर असलेले पायाचे खांब विकसित केले, ते या हलत्या पट्ट्याच्या खाली घट्ट धरून बसण्यासाठीच. छोट्या घरांसाठी काळी माती काढून मुरूम भरतात. तो उपाय चांगला आहे, फक्त मुरूम कडक, रवाळ हवा. जो मुरूम हातात चोळल्यावर चिकट लागतो त्यात तीच फुगणारी माती भरलेली असते.

दगड निवडतानाही हेच लागू पडते. रस्ते आणि काँक्रीट यांच्यासाठी बेसाल्टची गिट्टी इथे सर्वत्र वापरतात. तिच्या टिकाऊपणाची एक ठरलेली चाचणी भारतीय मानक 2386 च्या पाचव्या भागात आहे. गिट्टी सोडियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणात भिजवायची, मग सुकवायची, असे पाच वेळा करायचे. छिद्रांत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाला आतून रेटतात. सोडियम सल्फेटच्या चाचणीत जाड गिट्टीचे वजन 12 टक्क्यांहून जास्त आणि मॅग्नेशियम सल्फेटच्या चाचणीत 18 टक्क्यांहून जास्त घटले तर ती नापास. या पद्धतीचा उगम 1820 च्या दशकातल्या फ्रान्समध्ये आहे. इमारतीचा दगड हिमाला टिकेल का हे हिवाळ्याची वाट न पाहता समजावे म्हणून प्रोस्पेर ब्रार यांनी मिठाचे स्फटिक बर्फाच्या जागी वापरले. भारतीय मानक 383 मध्येही ही चाचणी मुळात हिमाच्या संपर्कात येणाऱ्या काँक्रीटसाठी सांगितली आहे. म्हणजे वर्ध्याची गिट्टी ज्या परीक्षेला बसते, ती वर्ध्यात कधीच न येणाऱ्या संकटावरून बेतलेली आहे.

ही परीक्षा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. मिठाचा स्फटिकही खडकाच्या भिंतीला पाण्याच्या पातळ थरातूनच रेटतो, त्यामुळे दुबळी छिद्रे ती पकडते. पण ताज्या दिसणाऱ्या बेसाल्टमध्ये आधीपासून लपलेले स्मेक्टाइट तिच्यातून पुरेसे उघड होईलच असे नाही. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या लेसोथो देशात 1990 च्या दशकात पाणी नेण्यासाठी बेसाल्टमधून लांब बोगदे खणले गेले. खणताना खडक भक्कम वाटला. हवा आणि ओल लागताच काही थर बारीक भेगांनी उसवू लागले आणि बोगद्यांना काँक्रीटचे अस्तर द्यावे लागले. तो खडकही फुगेवाला, स्मेक्टाइट असलेला बेसाल्ट होता. अशा खडकासाठी एथिलीन ग्लायकॉलची चाचणी वापरतात. हा द्रव स्मेक्टाइटच्या पत्र्यांमध्ये शिरून त्यांना पाण्यापेक्षाही जास्त दूर सारतो. दगडाचे तुकडे त्यात काही दिवस बुडवून ठेवले की ज्यात ही माती आहे ते आपोआप तडकतात आणि ज्यात नाही ते तसेच राहतात. विदर्भातल्या खाणींची, विशेषतः हिरवट झाक असलेल्या आणि मांजऱ्याला लागून असलेल्या थरांची गिट्टी महामार्गासाठी किंवा पुलासाठी निवडताना सल्फेटच्या जोडीला ही चाचणीही व्हायला हवी, आणि तिला लागते फक्त एक भांडे, तो द्रव आणि काही दिवसांचा धीर.